डिबग प्रोबवर दुसऱ्या खेपेला अडकणारा दोन कोअरचा बोर्ड: कारणे आणि उपाय

रास्पबेरी पाय पिको, किंवा आरपी २०४० ही चिप असलेला दुसरा कोणताही बोर्ड, डिबग प्रोबला (संगणकावरून चिपमध्ये प्रोग्राम चढवणाऱ्या आणि तो थांबवून तपासू देणाऱ्या उपकरणाला) जोडून काम करणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. प्रोग्राम पहिल्यांदा चढवला तेव्हा दोन्ही कोअर, म्हणजे चिपमधले दोन स्वतंत्र प्रोसेसर, व्यवस्थित चालले. मग एखादी ओळ बदलून, बोर्डाचा वीजपुरवठा न काढता, प्रोबमधूनच तो पुन्हा चढवला आणि कोअर १ सुरूच झाला नाही. कधी कोअर ० ‘स्लीप एमएस’च्या (ठरावीक मिलिसेकंद थांबण्याच्या फंक्शनच्या) पहिल्याच ओळीवर कायमचा थांबतो, कधी ब्रेकपॉइंटवर (प्रोग्राम मुद्दाम थांबवण्यासाठी लावलेल्या खुणेवर) उभे असतानाच बोर्ड आपणहून रीसेट होतो, तर कधी चालत्या प्रोग्राममध्ये कोअर १ अचानक हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे गंभीर चुकीमुळे काम थांबवणाऱ्या अवस्थेत, जातो. यूएसबी केबल काढून पुन्हा लावली की सारे सुरळीत होते, आणि नेमके म्हणूनच मूळ दोष सापडत नाही, कारण केबल काढल्याबरोबर त्याचा पुरावाही पुसला जातो.

ही लक्षणे वेगवेगळी दिसत असली तरी बहुतेक वेळा त्यांचे मूळ एकाच ठिकाणी असते. आपण एका कोअरकडे पाहत असतो आणि दुसरा कोअर कोणत्या अवस्थेत आहे, हे गृहीत धरलेले असते. तो चालू आहे, थांबवलेला आहे, जुनाच प्रोग्राम चालवतो आहे की हार्डफॉल्टमध्ये अडकला आहे, हे प्रत्येक टप्प्यावर तपासून पाहिले तर या तक्रारींपैकी बऱ्याचशा थोड्या वेळात सुटतात.

विवेचनासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. लातूर, परभणी, जालना या भागांत तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी आणि लहान कार्यशाळा ठिबक सिंचनाचे नियंत्रक स्वतः तयार करू लागले आहेत. अशा नियंत्रकात कोअर ० जीएसएम मॉडेमशी बोलतो, शेतकऱ्याचा एसएमएस वाचतो आणि पडदा रंगवतो. कोअर १ पाण्याच्या मीटरचे पल्स मोजतो आणि ठरलेले लिटर पूर्ण झाले की व्हॉल्व्ह बंद करतो. मॉडेमच्या उत्तराला काही सेकंद लागू शकतात आणि तेवढ्या वेळात एकही पल्स सुटता कामा नये, म्हणून ही विभागणी रास्त आहे. फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये त्यांतील शब्दांमध्ये अंडरस्कोअर येतो.

आधी वायर आणि वीज

सॉफ्टवेअरला दोष देण्यापूर्वी तीन वायर तपासाव्यात. रास्पबेरी पायच्या अधिकृत डिबग प्रोबवर तीन पिनांचे दोन सॉकेट असतात. ‘यू’ हे सिरियल संवादासाठी आणि ‘डी’ हे डिबगसाठी. केबल ‘डी’मध्ये असली तर नारिंगी वायर एसडब्ल्यूक्लॉककडे (डिबगचा क्लॉक), पिवळी एसडब्ल्यूडीआयओकडे (डिबगचा डेटा) आणि काळी ग्राउंडकडे जाते. पिकोच्या कडेला असलेल्या तीन छिद्रांमध्ये ग्राउंड मधोमध आहे, त्यामुळे केबल उलटी लागली तरी ग्राउंड जागेवरच राहतो, कोणतीही हानी दिसत नाही आणि प्रोब मात्र मुका राहतो. अधिकृत प्रोबऐवजी दुसरा पिको प्रोब म्हणून वापरत असाल तर त्याचा जीपी २ हा क्लॉक आणि जीपी ३ हा डेटा असतो. त्याच्या तीन डिबग छिद्रांना काही जोडायचे नसते.

प्रोब लक्ष्य बोर्डाला वीज देत नाही. बोर्डाला त्याचा स्वतःचा पुरवठा हवा, ही गोष्ट नव्याने काम करणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ब्रेडबोर्डवर लांब जंपर वायर असतील तर ओपनओसीडीचा (प्रोबशी बोलणाऱ्या, संगणकावरील प्रोग्रामचा) अॅडॅप्टर स्पीड ५००० किलोहर्ट्झवरून १००० वर आणून पाहावा; वेग कमी केल्यावर जोडणी टिकली, तर दोष वायरमध्ये किंवा ब्रेडबोर्डच्या सैल झालेल्या पकडीत आहे, कोडमध्ये नाही.

आपल्या भागात अर्थिंगकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि त्याचा रोध वाढतो. पुष्कळ ठिकाणी तर तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते. अशा वेळी लॅपटॉपच्या चार्जरमधील फिल्टर कपॅसिटरमुळे लॅपटॉपचा ग्राउंड जमिनीच्या तुलनेत मुख्य दाबाच्या सुमारे निम्म्या पातळीवर तरंगतो. प्रवाह अत्यल्प असतो, माणसाला जेमतेम मुंग्या आल्यासारखे वाटते. परंतु बोर्डाला दुसऱ्या अॅडॅप्टरवरून वीज दिलेली असेल आणि जोडताना काळ्या वायरआधी पिवळी वायर टेकली, तर ती पूर्ण उसळी चिपच्या पिनमधून जाते. म्हणून ग्राउंड नेहमी सर्वांत आधी जोडावा आणि सर्वांत शेवटी काढावा. जोडणी करताना लॅपटॉप बॅटरीवर चालवावा आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकण्याचा जुना रिवाज कार्यशाळेतही पाळावा. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू होण्याच्या क्षणीच जोडणी तुटत असेल, तर पुरवठ्याचा दाब तेव्हा किती खाली येतो हे पाहिल्याशिवाय कोड उघडू नये. व्हॉल्व्हच्या कॉइलवर उलटा डायोड नसेल, तर तोही याच प्रकारचा त्रास देतो.

एकाच वायरवर दोन दारे

आरपी २०४० मध्ये कॉर्टेक्स एम० प्लस जातीचे दोन कोअर आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा स्वतंत्र डिबग पोर्ट आहे. दोन्ही पोर्ट त्याच दोन वायरवर बसलेले असतात. या मांडणीला मल्टिड्रॉप म्हणतात. वीज आल्यावर यांपैकी एकही पोर्ट आपणहून बोलत नाही. प्रोबने आधी जागे करण्याची ठरावीक बिटमालिका पाठवायची आणि मग कोणाशी बोलायचे आहे त्याचा ओळख क्रमांक सांगायचा, तेव्हाच तो पोर्ट उत्तर देतो. ज्या जुन्या किंवा स्वस्त प्रोबच्या फर्मवेअरला हे जमत नाही, तो इतर चिपवर उत्तम चालत असला तरी येथे अपयशीच ठरणार. त्याच्यावर वेळ घालवू नये.

ओपनओसीडी सुरू केल्यावर जोडणी नीट झाली असेल, तर डीपीआयडीआरचे (डिबग पोर्टच्या ओळख-रजिस्टरचे) एकच मूल्य असलेल्या दोन ओळी दिसतात, फक्त त्यांतील डीएलपीआयडीआरचा आरंभीचा अंक वेगळा असतो. या दोन ओळी म्हणजे दोन कोअर. ‘फेल्ड टू कनेक्ट मल्टिड्रॉप’ असा संदेश आला तर वायर, वीज आणि वेग या तीन गोष्टी पुन्हा पाहाव्यात. सीएमएसआयएस-डॅप उपकरणच, म्हणजे प्रोबच, सापडत नाही असा संदेश असेल, तर प्रश्न प्रोब आणि संगणक यांच्यामध्ये आहे: एक तर यूएसबी केबल केवळ चार्जिंगची आहे, किंवा लिनक्सवर त्या उपकरणाला परवानगी देणारा युडेव्ह नियम घातलेला नाही.

ओपनओसीडीच्या आरपी २०४० साठीच्या मांडणीत ‘यूज कोअर’ नावाचे चल असते. त्याला शून्य दिले तर फक्त कोअर ० जोडला जातो. दोन्ही कोअर वेगवेगळे दिले तर जीडीबीसाठी (कोड ओळीओळीने तपासण्याच्या डिबगर प्रोग्रामसाठी) दोन पोर्ट उघडतात: ३३३३ वर कोअर ० आणि ३३३४ वर कोअर १. ‘एसएमपी’ दिले तर दोन्ही कोअर एकाच जीडीबी सत्रात दोन थ्रेड म्हणून दिसतात आणि एक थांबला की दुसराही थांबवला जातो. पुढे येणाऱ्या प्रत्येक दोषात आपण यांपैकी कोणती पद्धत वापरत आहोत हे माहीत असणे आवश्यक आहे; कोणाला मदत मागायची असेल तर तीही माहिती आधी द्यावी, नाहीतर उत्तर देणारा अंधारात चाचपडतो.

कोअर १ सुरूच होत नाही

वीज आल्यावर दोन्ही कोअर चिपमधील बूटरॉमपासूनच (तिच्यात कायमच्या कोरलेल्या आरंभीच्या प्रोग्रामपासूनच) आरंभ करतात. तेथे कोअर १ स्वतःचा क्रमांक वाचतो, आपण पहिला नाही हे ओळखतो आणि निद्रावस्थेत वाट पाहत बसतो. ‘मल्टिकोअर लाँच कोअर वन’ हे फंक्शन त्याला दोन कोअरमधील फिफोमार्गे (आधी आलेला शब्द आधी बाहेर पडतो अशा रांगेमार्गे) सहा शब्द पाठवते: शून्य, शून्य, एक, व्हेक्टर टेबलचा पत्ता, स्टॅकचा (फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवण्याच्या मेमरीचा) पत्ता आणि ज्या फंक्शनपासून सुरुवात करायची त्याचा पत्ता. प्रत्येक शब्द कोअर १ ने जसाच्या तसा परत पाठवायचा असतो. परत आलेला शब्द जुळला नाही तर मालिका पहिल्यापासून सुरू होते, आणि उत्तरच आले नाही तर कोअर ० अमर्याद काळ वाट पाहतो.

डिबगरमधून दिलेला रीसेट आणि वीज काढून दिलेला रीसेट या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘यूज कोअर’ शून्य असेल तर प्रोबला कोअर १ चे अस्तित्वच ठाऊक नसते. रीसेट आणि थांबण्याचा आदेश केवळ कोअर ० ला जातो. आपल्या नियंत्रकात त्या वेळी कोअर १ पल्स मोजण्याचा जुना लूप फ्लॅश मेमरीतून चालवत असतो. नवा प्रोग्राम चढवण्यासाठी ओपनओसीडी तीच फ्लॅश पुसू लागते. आरपी २०४० मध्ये अंतर्गत फ्लॅश नाही. बाहेरच्या फ्लॅश चिपमधून सूचना थेट वाचून चालवल्या जातात, आणि पुसण्याच्या काळात हे वाचन बंद असते. कोअर १ ला सूचनांच्या जागी निरर्थक बिट मिळतात, तो हार्डफॉल्टमध्ये जातो आणि तेथेच कुलूपबंद होतो. आता नवा प्रोग्राम सुरू झाला, कोअर ० ने पहिले शून्य पाठवले, पण बूटरॉममध्ये वाट पाहणारा कोणी उरलेलाच नाही. जीडीबीमध्ये प्रोग्राम थांबवून बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणते बोलावले याची यादी) घेतला तर कोअर ० लाँच फंक्शनच्या पोटात, फिफोच्या उत्तराची वाट पाहत उभा दिसतो. हे निदान निर्विवाद आहे.

उपाय सोपा आहे आणि तो कायमचा कोडमध्येच ठेवावा असे माझे मत आहे. लाँचच्या आधी ‘मल्टिकोअर रीसेट कोअर वन’ हे फंक्शन बोलवावे. ते चिपच्या पॉवर-ऑन स्टेट मशीनमधून कोअर १ ला बळजबरीने बंद करून पुन्हा सोडते, त्यामुळे तो कोणत्याही अवस्थेत असला तरी बूटरॉममधल्या मूळ जागी परततो. शेतात बसवलेल्या उपकरणालाही याचा तोटा काही नाही. याखेरीज प्रोग्राम चढवताना दोन्ही कोअर जोडलेले ठेवावेत आणि ‘लोड’च्या आधी ‘मॉनिटर रीसेट इनिट’ द्यावे, म्हणजे फ्लॅश पुसली जात असताना दुसरा कोअर तिच्यातून काही वाचत नसतो.

घड्याळ थांबते तेव्हा

‘स्लीप एमएस’वर अडकण्याचे कारण वेगळे आहे, परंतु तेही दुसऱ्या कोअरपाशीच नेते. चिपमधील ६४ बिटांचा मायक्रोसेकंद टायमर डिबगच्या वेळी थांबावा अशी सोय केलेली आहे. त्याच्या ‘डीबीजी पॉज’ रजिस्टरमध्ये प्रत्येक कोअरसाठी एक बिट असते आणि रीसेटनंतर दोन्ही बिटे एक असतात. दोहोंपैकी कोणताही एक कोअर डिबगरने थांबवलेला असला तरी टायमर गोठतो, असा याचा अर्थ होतो. दोन पोर्टांच्या पद्धतीत ‘रीसेट हॉल्ट’ने दोन्ही कोअर थांबतात; आपण ३३३३ वर ‘कंटिन्यू’ म्हणतो आणि फक्त कोअर ० पुढे जातो. कोअर १ थांबलेलाच असतो, टायमर गोठलेलाच असतो, आणि एका मिलिसेकंदाची झोपही कधी संपत नाही. प्रोग्रामात दुसऱ्या कोअरचा वापर मुळीच केलेला नसला तरी हे घडते. नवख्या माणसाला ते सर्वाधिक गोंधळात टाकते.

येथे तीन मार्ग आहेत. कोअर १ चा विषयच नसेल तर ‘यूज कोअर’ शून्य ठेवावे. दोन्ही लागणार असतील तर एसएमपी पद्धत वापरावी. तिसरा मार्ग म्हणजे मेन फंक्शनच्या आरंभीच ‘डीबीजी पॉज’मध्ये शून्य लिहिणे, मग कोअर थांबला तरी घड्याळ चालत राहते. हा शेवटचा मार्ग सर्रास सुचवला जातो, पण त्याची किंमत लक्षात घ्यावी. ब्रेकपॉइंटवर उभे राहून आपण चलांची मूल्ये वाचत असतो तेवढ्यात मॉडेमच्या उत्तराची मुदत उलटून जाते, आणि पुढचे पाऊल टाकल्यावर दिसणारी चूक ही खरी चूक नसून आपल्या थांबण्याचा परिणाम असतो. उलट टायमर गोठू दिला तर व्हॉल्व्ह बंद करण्याची वेळच येत नाही आणि पाणी वाहत राहते. म्हणून डिबगच्या वेळी खरा व्हॉल्व्ह किंवा मोटरचा स्टार्टर नियंत्रकाला जोडलेला नसावा. त्यांच्या जागी एलईडी लावावेत. ज्या पाण्याच्या पाळीसाठी शेतकरी रात्री जागतो, ते पाणी आपल्या प्रयोगापायी वाया जाऊ देणे योग्य नाही.

वॉचडॉगबाबत (प्रोग्राम अडकला तर बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरबाबत) थोडक्यात सांगण्याजोगे एवढेच: ‘वॉचडॉग एनेबल’चा दुसरा आर्ग्युमेंट डिबगच्या वेळी थांबायचे की नाही हे ठरवतो. तो असत्य असेल तर ब्रेकपॉइंटवर उभे राहिल्यावर मुदत संपताच बोर्ड रीसेट होतो आणि जीडीबीचे सत्र निरर्थक बनते. आरपी २०४० वर ही मुदत सुमारे ८.३ सेकंदांपेक्षा जास्त ठेवताच येत नाही, तेव्हा मुदत वाढवून सुटका होत नाही. तो आर्ग्युमेंट सत्यच ठेवावा.

थांबलेल्या कोअरने धरून ठेवलेल्या गोष्टी

दोन कोअरमधील फिफो प्रत्येक दिशेला आठ शब्दांचा आहे. कोअर ० ब्रेकपॉइंटवर उभा असताना कोअर १ पल्सची संख्या पाठवत राहिला, तर आठ शब्दांनंतर फिफो भरतो आणि कोअर १ ‘पुश ब्लॉकिंग’मध्ये अडकतो. त्या काळातले पल्स हरवतात. मग पल्स कमी का भरले याचा शोध सुरू होतो, आणि तो दोष मुळात अस्तित्वातच नसतो. स्पिनलॉकचेही, म्हणजे एका वेळी एकाच कोअरला मिळणाऱ्या कुलपाचेही, तसेच आहे. चिपमध्ये ३२ हार्डवेअर स्पिनलॉक आहेत. त्यांपैकी एखादा हातात असताना कोअर १ ला थांबवले तर तो लॉक तसाच राहतो आणि कोअर ० त्याच्यासाठी घिरट्या घालत बसतो. सामायिक रांगेच्या आत, लॉक घेतल्यानंतरच्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवू नये. रांगेतून बाहेर पडल्यावरच्या ओळीवर ठेवावा.

एसएमपी पद्धतीत दोन्ही कोअर एकत्र थांबतात म्हणून हे त्रास पुष्कळ कमी होतात, तरी ‘एकत्र’ याचा अर्थ ‘त्याच क्षणी’ असा घेऊ नये. एक कोअर थांबल्याचे संगणकावरील ओपनओसीडीच्या ध्यानात येणार, मग ती प्रोबमार्गे दुसऱ्याला आदेश देणार. यात एक मिलिसेकंद गेला असे धरले तरी १२५ मेगाहर्ट्झवर दुसरा कोअर तोपर्यंत सव्वा लाख क्लॉक चक्रे पुढे गेलेला असतो. त्यामुळे दोन कोअरमधली सूक्ष्म शर्यत ब्रेकपॉइंटने पकडण्याचा हट्ट धरू नये. त्यासाठी दोन मोकळ्या पिनांवर खुणेचे पल्स सोडून ते लॉजिक अॅनालायझरवर पाहणे किंवा रॅममधल्या लहानशा वर्तुळाकार बफरमध्ये कोअरचा क्रमांक आणि वेळ नोंदवून ठेवणे, हे मार्ग अधिक खात्रीचे आहेत.

संदेश छापण्यासाठी यूएसबीऐवजी प्रोबच्या ‘यू’ सॉकेटमधून यूएआरटी (साधा सिरियल संवाद) वापरावे. कोअर थांबला की बोर्डाची यूएसबी संगणकाला उत्तर देईनाशी होते आणि सिरियल पोर्ट नाहीसा होतो. यूएआरटीचा पोर्ट प्रोबचा असल्यामुळे टिकून राहतो.

कोअर १ चा हार्डफॉल्ट, दोष मात्र कोअर ० चा

हा प्रकार सर्वांत फसवा आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे अधिक थांबतो. लक्षण असे: नियंत्रक तासन्तास चालतो, पण एसएमएस आला की अधूनमधून कोअर १ हार्डफॉल्टमध्ये जातो. कोअर १ च्या कोडमध्ये एसएमएसचा उल्लेखही नसतो, आणि तो कोड कितीही वेळा वाचला तरी निर्दोषच दिसतो.

हे समजण्यासाठी रॅमची मांडणी पाहावी लागते. एकूण २६४ किलोबाइटपैकी २५६ मुख्य रॅम, आणि तिच्या वरच्या अंगाला ४ किलोबाइटचे दोन लहान कप्पे: आधी स्क्रॅच एक्स, त्याच्यावर स्क्रॅच वाय. पिको एसडीकेच्या (पिकोसाठीच्या अधिकृत कोड-संचाच्या) नेहमीच्या मांडणीत कोअर १ चा स्टॅक एक्सच्या माथ्यापासून खाली वाढतो आणि कोअर ० चा वायच्या माथ्यापासून. प्रत्येकासाठी २ किलोबाइट धरलेले असतात. कोअर ० चा स्टॅक २ किलोबाइटांपलीकडे गेला तरी वायच्या उरलेल्या जागेत बऱ्याचदा काही नसल्यामुळे तो निभावतो. पण तो ४ किलोबाइटही ओलांडून गेला तर थेट एक्सच्या माथ्यावर उतरतो, आणि तेथे कोअर १ च्या फंक्शनांचे परतीचे पत्ते ठेवलेले असतात. शेजाऱ्याच्या बांधावरून औत फिरवावे तसा हा प्रकार आहे: नुकसान ज्याच्या रानात दिसते, त्याचा अपराध नसतो.

आता मॉडेमचे उत्तर वाचणाऱ्या फंक्शनमध्ये कोणी ४०९६ बाइटांचा स्थानिक अॅरे घोषित केला आहे असे समजा. अॅरेची पहिली जागा सर्वांत खालच्या पत्त्यावर येते. म्हणजे उत्तर केवळ वीस अक्षरांचे असले तरी ती वीस अक्षरे नेमकी कोअर १ च्या हद्दीत लिहिली जातात. ‘उत्तर तर छोटेच असते, अॅरे फक्त सुरक्षिततेसाठी मोठा ठेवला’ हा युक्तिवाद येथे उलटा पडतो. कोअर १ त्या क्षणी कोणत्या फंक्शनच्या आत आहे आणि खराब झालेल्या पत्त्यावर तो कधी परतणार, यावर हार्डफॉल्टची वेळ अवलंबून असते. म्हणून दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही.

शोधण्याची रीत अशी. हार्डफॉल्ट झाल्यावर वीज काढू नये. एसडीकेच्या मूळ हार्डफॉल्ट हँडलरमध्ये ब्रेकपॉइंटची सूचनाच असते, त्यामुळे प्रोब जोडलेला असेल तर कोअर १ तेथे थांबलेला सापडतो. ‘इन्फो थ्रेड्स’ने दोन्ही थ्रेड पाहून कोअर १ वर जावे आणि त्याच्या स्टॅक पॉइंटरपासून एक्सच्या माथ्यापर्यंतची मेमरी शब्दशः वाचावी. अपवादाच्या वेळी प्रोसेसर आठ शब्द स्टॅकवर ठेवतो: आर० ते आर३, आर१२, लिंक रजिस्टर, परतीचा पत्ता आणि प्रोग्राम स्टेटस. कोड फ्लॅशमध्ये असेल तर परतीच्या पत्त्याच्या हेक्स मूल्याचे पहिले दोन अंक १० असायला हवेत. त्याऐवजी तेथे ४३, ४डी, ५४ अशी मूल्ये दिसली तर ती इंग्रजी अक्षरांची सांकेतिक मूल्ये आहेत. तीच मेमरी अक्षरांच्या रूपात छापली की मॉडेमच्या एसएमएस-सूचनेतली ‘सीएमटीआय’ ही अक्षरे कोअर १ च्या स्टॅकमध्ये समोर येतात, आणि संशयाला जागा उरत नाही.

लिहिणारी नेमकी ओळ पकडायची असेल तर वॉचपॉइंट (ठरावीक पत्त्यावर लेखन झाले की थांबवणारी खूण) लावावा, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. हार्डफॉल्ट कोअर १ वर झाला म्हणून वॉचपॉइंटही कोअर १ वर, म्हणजे ३३३४ वर, लावला जातो आणि तो कधीच लागत नाही. आरपी २०४० च्या प्रत्येक कोअरला चार ब्रेकपॉइंट आणि दोन वॉचपॉइंट आहेत, पण ती यंत्रणा फक्त त्या कोअरने स्वतः केलेल्या वाचन-लेखनावर लक्ष ठेवते. कोअर ० ने केलेले लेखन कोअर १ च्या वॉचपॉइंटला दिसत नाही. म्हणून पत्ता कोअर १ च्या स्टॅकचा द्यायचा, पण वॉचपॉइंट ३३३३ वर, कोअर ० वर लावायचा. कोअर ० ला त्या भागात लिहिण्याचे काहीच कारण नसल्यामुळे तो लागला की गुन्हेगार ओळ हातात येते. मॉडेमचे बाइट डीएमएमार्गे (कोअरला न गुंतवता मेमरीत माहिती हलवणाऱ्या यंत्रणेमार्गे) येत असतील तर मात्र ते लेखन कोणत्याच कोअरचे नसते आणि दोन्ही वॉचपॉइंट गप्प राहतात. अशा वेळी डीएमए चॅनेलचा लेखनपत्ता वाचून पाहावा.

दुरुस्ती म्हणजे तो अॅरे स्टॅटिक करणे; मग तो मुख्य रॅममध्ये जातो. पुढच्या काळजीसाठी कंपायलरला ‘एफ-स्टॅक-यूसेज’ हा पर्याय द्यावा, म्हणजे प्रत्येक फंक्शन किती स्टॅक वापरते याची यादी मिळते. एसडीकेमध्ये एमपीयू (मेमरीचे संरक्षण करणारी यंत्रणा) वापरून स्टॅकच्या तळाशी पहारा ठेवण्याची सोय आहे आणि ती चालू करावी, परंतु तो पहारा ३२ बाइटांचाच असतो. मोठा अॅरे त्याच्यावरून उडी मारून पलीकडे लिहू शकतो, तेव्हा केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

हे सारे तपासताना प्रोग्राम डिबग प्रकारात बांधलेला असावा. एसडीकेचा मूळ प्रकार रिलीज असतो, त्यात चलांच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसते आणि पाऊल टाकताना ओळी मागेपुढे उड्या मारतात. प्रकार बदलला की स्टॅकचा वापरही बदलतो, त्यामुळे वरचा दोष एका प्रकारात दिसून दुसऱ्यात लपू शकतो; तो लपला म्हणजे गेला असे मानू नये.

प्रोबला बोर्ड मुळीच प्रतिसाद देत नसेल

प्रोग्रामनेच घड्याळे बंद केली किंवा चिपला गाढ निद्रेत टाकले, तर वायर ठीक असूनही जोडणी होत नाही. यासाठी आरपी २०४० मध्ये दोन कोअरच्या पोर्टांखेरीज तिसरा, रेस्क्यू नावाचा डिबग पोर्ट आहे. ओपनओसीडी त्याच्या स्वतंत्र मांडणीसह एकदा चालवली की चिप रीसेट होते आणि बूटरॉम फ्लॅशमधला प्रोग्राम न चालवता थांबून राहतो. त्यानंतर ती बंद करून नेहमीच्या मांडणीने पुन्हा जोडावे, ‘लोड’ने दुरुस्त प्रोग्राम चढवावा. प्रोब हाताशी नसेल तर बूटसेल बटण दाबून ठेवून वीज द्यावी. बोर्ड यूएसबी ड्राइव्ह म्हणून दिसतो आणि त्यावर चांगली यूएफ२ फाइल टाकता येते.

२०२४ मध्ये आलेल्या पिको २ वर, म्हणजे आरपी २३५० चिपवर, दोन्ही कोअर एकाच डिबग पोर्टमागे वेगवेगळ्या अॅक्सेस पोर्टवर बसलेले आहेत. त्यामुळे मल्टिड्रॉपची वर दिलेली चिन्हे तेथे शोधू नयेत, आणि ओपनओसीडीची ही चिप न ओळखणारी जुनी आवृत्ती तेथे उपयोगी पडत नाही. लाँचपूर्वी कोअर १ रीसेट करणे, टायमर कोणत्या कोअरमुळे गोठला आहे हे पाहणे आणि वॉचपॉइंट लिहिणाऱ्या कोअरवर लावणे, या गोष्टी तेथेही तशाच लागू पडतात.